बाबांनी दोन खाल्ले

भट्टीकाकांनी तिला आधीच सांगितलं होतं. भर बाजारात, कोबीचा गड्डा हातात तोलत सांगितलं होतं, आणि तिनं ते हसण्यावारी नेलं होतं.

भट्टीकाका म्हणजे तिच्या बाबांचे जोडीदार. दोघांनी उभं आयुष्य एकाच बेकरीत, एकाच भट्टीपुढे काढलेलं. भुवया दोघांच्याही निम्म्या जळालेल्या. त्यांनी विचारलं, “बाप काय म्हणतोय तुझा?”

“मजेत आहेत. मी दर रविवारी गोड सारणाचे बन करून पाठवते. दादा येऊन डबा घेऊन जातो. छान झालेत म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“बाबाच की.”

काकांनी गड्डा खाली ठेवला. “तुझा बाप छान म्हणाला? धाकटे, मालकाच्या पोरीच्या लग्नाचा केक बघून तो ‘चालेल’ म्हणाला होता. वर मालकालाच सांगितलं, पुढच्या खेपेला नीट करू. तो छान म्हणत असेल तर एकदा जाऊन बघून ये त्याला.”

“काका, म्हातारपणी माणूस मऊ पडतो.”

“पाव शिळा झाला की कडक होतो, बाई. मऊ नाही पडत.”

ती हसली. घरी येऊन तिनं नवऱ्याला ते जोक म्हणून सांगितलं, तोही हसला, आणि विषय तिथंच संपला.

खरं तर धाकटी हसण्यावारी नेणाऱ्यांपैकी नव्हतीच. घरात सगळ्यांत लहान म्हणून नाव पडलं धाकटी, पण काळजी करण्यात थोरल्यांची थोरली. पदवीला वर्गात पहिली आलेली, आणि पोर झाल्यापासून ते सगळं डोकं एकाच कामाला लावलेलं: काय काय होऊ शकतं याचा हिशेब. गॅस बंद केला तरी पुन्हा उठून बघायची. बाळाच्या बाटल्या उकळून झाल्या की आणखी एकदा उकळायची. नवरा म्हणायचा, “अगं, बाटल्या शिजल्या आता, उतरव.” पण तिचं पिल्लू दिवस भरायच्या आधी आलेलं, मुठीएवढं, छातीनं नाजूक. डॉक्टरांनी बजावलं होतं, सर्दी-खोकल्याच्या माणसाजवळ नेऊ नका. जिनं आपल्या पोराचे श्वास रात्ररात्र मोजलेत, तिला कुणी भित्री म्हणू नये.

आणि बाबांना खोकला होता. दादानं तसं सांगितलं होतं.

बाबा राहायचे दादाकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला. “काही केल्या हटत नाही गं खोकला,” दादा म्हणाला होता. “तू येऊ नकोस. बाळाच्या छातीत गेला तर? त्यांनाही जन्मभर खंत राहील.” तिला भरून आलं होतं. दादाला किती काळजी. फोनवर बोलावं तर बाबांचे कान गेलेले. भट्टीच्या धडधडीनं नेले असं ते म्हणत. आणि तिनं फोन केला की ते नेमके झोपलेले असत.

मग तिनं बनचा रस्ता काढला. बाबांना चालेल असं दुसरं काही तिला येतच नव्हतं. लहानपणी बाबा सुट्टीच्या दिवशी घरच्या ओट्यावर तिला शेजारी उभी करायचे. लाल चवळी रात्रभर भिजवायची. पहिली उकळी आली की ते पाणी निर्दयपणे ओतून द्यायचं, नाहीतर तुरट चव जिभेला चिकटून बसते. मग मऊ शिजवायची, चाळणीवर घासायची, म्हणजे सालं वर राहतात आणि खाली उतरतो तो लोण्यासारखा गर. तो फडक्यात पिळून कढईत घ्यायचा, साखर घालायची आणि घोटत राहायचं. उलथनं कढईच्या तळाशी ओढलं की वाट पडली पाहिजे, आणि ती वाट लगेच बुजता कामा नये. बाबा तिथं उभे राहून नुसते चुका काढायचे. गोळा एका बाजूला जाड. जोड नीट मिटला नाही, सारण पळणार. दुधाचा हात फिरवलास की भिंत रंगवलीस? ती रडकुंडीला यायची, आणि नंतर तोच वाकडा बन बाबा स्वतःच्या ताटात घ्यायचे.

त्या रविवारी गर पिळून कढईत घातला आणि पिल्लानं सगळं दूध ओकलं. धाकटी धावली. जाता जाता नवऱ्याच्या हातात उलथनं कोंबलं. “घोटत राहा. खाली लागू देऊ नकोस.” तो बिचारा घोटत राहिला. साखर ओट्यावर डब्यात होती. ती आधीच घातली असणार असं त्याला वाटलं, आणि आता यानं घातली असणार असं तिला. ती परत आली तेव्हा सारण घट्ट झालं होतं, पण नेहमीसारखं चकाकत नव्हतं. जरा जास्त आटलं असेल, म्हणून तिनं दुधाचा शिपका मारला. गोळे भरले, जोड खाली करून ओळीनं मांडले, फुगू दिले, भाजले. वरून बन असे काही देखणे निघाले की नवरा म्हणाला, “फोटो काढून ठेव.”

दादा आला, दारातूनच डबा घेऊन गेला. संध्याकाळी त्याचा फोन आला.

“बाबांनी दोन खाल्ले बरं का. म्हणाले, आज तर फारच छान. गोडी अगदी बेताची.”

तिला इतकं बरं वाटलं की तिनं स्वतःसाठी ठेवलेला एक बन मोडला, आणि चहाबरोबर तोंडात घातला.

साखरेचा कण नव्हता. कोरडी, मातकट, उकडलेली चवळी. तिनं नवऱ्याला दिला. तो घास तोंडात तसाच धरून तिच्याकडे बघत राहिला. “मी नाही घातली. तू घातली नव्हतीस?”

आता एखादी हुशार बाई इथंच ओळखती. धाकटीही हुशारच होती, पण आपल्या भावावर संशय घ्यायची तिला सवय नव्हती. तिला भीती वाटली ती वेगळीच. बाबांच्या जिभेची चव गेली. म्हणजे काय झालं असेल? कुठं तरी वाचलेलं आठवलं: मेंदूत गुठळी झाली की चव जाते. तिनं दादाला फोन लावला. “बाबांना डॉक्टरकडे ने. त्यांना चव कळत नाहीये.”

“काहीतरीच काय? छान आहेत ते.”

“मग फोन दे त्यांना.”

“झोपलेत गं.”

सकाळी तिनं पिल्लाला छातीशी बांधलं, त्याच्या नाकातोंडावर मलमलीचं फडकं सोडलं आणि बस पकडली. खिडकीची काच उघडली की वारा, बंद केली की माणसांचे श्वास. सबंध वाटेत ती काचेशी झटत होती. आजवर पोराला घेऊन ती एवढ्या लांब गेली नव्हती. पण तिकडे बाबांना काही झालेलं असताना दादाला कळत नव्हतं, आणि तिला कळलं होतं.

दार वहिनीनं उघडलं. हातात वाटी, वाटीत हिरवट लेप. आत, बाबांच्या खोलीत, भिंतभर आरसा लावलेला. आरशासमोर फिरती खुर्ची, खुर्चीत कुणी बाई तोंडाला लेप लावून डोळे मिटून बसलेली. बाबांची खाट नव्हती. खुंटीवर बाबांच्या सदऱ्याऐवजी गुलाबी ॲप्रन होते.

“बाबा कुठं आहेत?” धाकटीनं विचारलं.

वहिनीनं वाटी खाली ठेवली. “म्हणजे?”

“बाबा. माझे बाबा.”

“असं काय करताय वन्सं? ते तिकडेच असतात ना, टेकडीपलीकडच्या वृद्धाश्रमात. थंडी सुरू व्हायच्या आधीपासून.” मग तिच्या चेहऱ्याकडे बघून वहिनीचा आवाज उतरला. “तुमच्याशी बोलून ठरवलं म्हणाले होते हे. तुम्हीच म्हणालात म्हणे, चांगली जागा आहे, तिथंच ठेवा.”

खुर्चीतल्या बाईनं एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

“मग माझे बन?”

“ते तर हे सोमवारी ऑफिसात नेतात. सगळ्यांना फार आवडतात. कालचे अजून तसेच आहेत.” ओट्यावर तिचा डबा होता, झाकण अर्धवट.

दादा अंघोळ करून बाहेर आला तो केस पुसतच. बहिणीला बघितलं आणि टॉवेल डोक्यावरच राहिला.

“तू बाळाला घेऊन कशाला आलीस? एवढ्या लांब?”

“बाबांनी दोन खाल्ले म्हणालास.”

“अगं, ऐक तरी. तुझं बाळंतपण, त्यात पिल्लाचं ते तसं. तुला सांगितलं असतं तर तू त्यांना आपल्याकडे ओढून नेलं असतंस. दोन खोल्या तुमच्या. मी तुझाच विचार केला.”

“आणि खोकला?”

त्यानं टॉवेल डोक्यावरून ओढून खांद्यावर टाकला.

“खोकला होता का त्यांना, दादा?”

“होता की. सुरुवातीला होता.”

भांडायची भाषा तिला येत होती, चांगली येत होती, पण ती परक्यांसाठी शिकलेली. हाच दादा तिला सायकलच्या मागं बसवून शाळेत न्यायचा, पाय चाकात जाऊ नये म्हणून स्वतःच्या रुमालानं बांधायचा. तिच्या मनात काय काय भीती असते हे जगात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानं तीच भीती उचलली, तिचं कुलूप केलं आणि तिच्याच दाराला लावलं. आणि ती वर त्याचे आभार मानत राहिली.

“येते वहिनी,” ती म्हणाली. दादाकडे तिनं बघितलं नाही.

वृद्धाश्रम वाईट नव्हता. फरशी पुसलेली, खिडक्यांना पडदे. वाईट असता तर रागवायला सोपं गेलं असतं. देखरेखीच्या बाईंनी लांबलचक खोलीकडे बोट केलं. शेवटून दुसऱ्या खाटेवर बाबा बसले होते, पाठमोरे, फडक्यानं चष्मा पुसत. ती जवळ जाऊन मोठ्यानं म्हणाली, “बाबा.”

त्यांनी वळून पाहिलं. आधी तिच्याकडे, मग छातीशी बांधलेल्या गाठोड्याकडे. आणि चेहऱ्यावर काही उमटायच्या आत त्यांनी उशाचा टॉवेल ओढून तोंडावर धरला, धडपडत उठले आणि खाटेच्या पलीकडे, भिंतीला टेकून उभे राहिले.

“तिथंच थांब,” टॉवेलमधून ते म्हणाले. “पुढं नको येऊस. त्याला कशाला आणलंस?”

“बाबा, तुम्हाला खोकला आहे?”

“नाही. कधीच गेला.”

“मग टॉवेल कशाला?”

“तूच निरोप पाठवलास ना? बाळाजवळ नको म्हणून. दादा म्हणाला, ती फार घाबरते, तुम्ही घरात असलात तर ती माहेरीही यायची नाही. म्हटलं बरोबर आहे. पोर नाजूक आहे. मीच म्हणालो मग, मला ठेव कुठं तरी.” टॉवेल त्यांनी आणखी घट्ट धरला. “आपण काय, बाहेर फळीवर ठेवला तरी टिकणारा माल.”

त्यांच्या दृष्टीनं हा विनोद होता. तिनं खाटेच्या दांडीला धरलं.

“मी असा निरोप पाठवला नव्हता, बाबा. मला वाटत होतं तुम्ही दादाकडे आहात. मी दर रविवारी बन पाठवत होते.”

“कसले बन?”

तिनं सांगितलं. ऐकू यावं म्हणून ओरडून सांगावं लागलं. ऐन दुपारच्या शांततेत सगळ्या खाटांनी ते ऐकलं, चवळीपासून आरशापर्यंत. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरं.”

तो ‘बरं’ तिच्या ओळखीचा होता. मैदेवाला पोत्यामागं पोतं चांगलंच आहे म्हणून शपथा घ्यायचा तेव्हा बाबा असेच ‘बरं’ म्हणायचे, आणि मग पोतं उसवून मूठ आत घालायचे. त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता. अविश्वासही ठेवला नव्हता. एका बाजूला मुलगा होता, एका बाजूला मुलगी, आणि त्या दोघांतलं एक खोटं बोलत होतं. कोणतं, हे धुंडाळायची म्हाताऱ्याची इच्छा नव्हती.

तिनं पिल्लाच्या तोंडावरचं मलमलीचं फडकं काढलं. कडेची गाठ सोडली आणि त्याला दोन्ही हातांनी पुढं धरलं.

“घ्या,” ती म्हणाली.

“हात धुतो,” बाबा म्हणाले, आणि मोरीकडे गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. आले तेव्हा कोपरापर्यंत ओले होते, टॉवेल मात्र आता तोंडाला बांधलेला. त्यांनी पोराला घेतलं, आणि सगळा वेळ मान तिरकी ठेवली, श्वास त्याच्यावर पडू नये म्हणून. चला घरी, असं ती म्हणाली. ते म्हणाले, “दादाला विचारून बघू.” ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन गेली. आता घरात बाळाच्या पाळण्याशेजारी खाट मांडलेली आहे. बाबा अजून आलेले नाहीत. रोज ‘बरं’ म्हणतात. ती रोज जाते.

आणि जाते म्हणून तिला दिसतं. बाबांच्या पलीकडच्या, अगदी भिंतीलगतच्या खाटेवर एक घड्याळजी आहेत; डाव्या डोळ्याजवळ भिंगाचा कायमचा वळ आहे. बोलतात कमी. त्यांची कुणी पुतणी आहे, त्यांनीच वाढवलेली. ती लोकरीचे मोजे विणून घरी पाठवते, आणि घरचे तिला कळवतात की काकांना अगदी बरोबर बसले; एकदा आलेला घरचाच एक पोरगा हे हसत सांगून गेला. काकांचे पाय उघडे आहेत. धाकटीनं स्वतः पाहिलेत. त्यांना पुतणीचा पत्ता आठवत नाही आणि देखरेखीच्या बाईंना ठाऊक नाही. ती पुतणी तुम्ही असाल, तर या. नसाल, तरी तुमचं असं कुणी असेल, ज्याची खुशाली तुम्हाला एकाच तोंडून कळते, तर आज तिकडे जा. फोन करू नका. दार उघडायला लावा, आणि त्या माणसाला डोळ्यांनी बघून या.