होडीत पाय ठेवायचा नाही

आगरदांड्याच्या हिलाल क्लबने रशीदला फुटबॉलच्या संघाच्या मॅनेजरपदावरून काढलं, तेव्हा सगळ्यात जास्त संताप कुणाला आला असेल तर हमदुल्लाला. आता याला काय म्हणावं! सात वर्षं रशीदला सगळ्यात जास्त शिव्या घातल्या त्या याच हमदुल्लाने. आगरदांडा ते दिघी होडी चालवणारा हा माणूस. खाडीवर ओरडून ओरडून गळा असा कमावलेला, की मैदानाच्या या टोकाला याने रशीदचा उद्धार केला की त्या टोकाचा पंच दचके. पण शिव्या घालणं वेगळं आणि काढून टाकणं वेगळं, एवढी साधी अक्कल क्लबच्या मुंबईतल्या कमिटीला नसावी?

रशीद तरी काय करी? चेंडूत हवा भरी, लिंबं कापी, खेळाडूंच्या टोप्या सांभाळी, आणि संघ हरला की शिव्या खायला पुढे उभा राही. संघ नेहमीच हरे. चौतीस सालच्या फेब्रुवारीत मुंबईहून पत्र आलं, की रशीद आजपासून मॅनेजर नाही. का काढलं म्हणून विचारलं तर रशीद म्हणे, कारण काही दिलेलं नाही.

गाव खवळलं. कुणी गोलाचे बांबू उपटून त्यांच्यावर बोंबील वाळत घातले. डोंगरापलीकडून प्रत्येक सामन्याला चालत येणाऱ्या येसाजीने आपल्या बैलाला सेंटर फॉरवर्डचं नाव ठेवलं होतं, ते परत घेतलं. बैल बिचारा जुन्याच नावाला वळून बघत राहिला. आणि हमदुल्लाने धक्क्यावर उभं राहून, चारचौघांच्या देखत कसम खाल्ली, की रशीद परत मॅनेजर होईपर्यंत संघातल्या एकाही खेळाडूला आपण होडीत पाय ठेवू देणार नाही. लोकांनी टाळ्या पिटल्या. तिथल्या दुसऱ्या दोन होडीवाल्यांना मागे राहवेना, त्यांनीही तीच कसम खाल्ली.

हमदुल्ला घरी आल्यावर त्याच्या बायकोने, झुबेदाने, एवढंच विचारलं, की शुक्रवारी नवरदेव येणार कसा.

कसम खाताना हमदुल्लाला याचं भानच राहिलं नव्हतं. त्याच्या लेकीचा, बिल्किसचा निकाह शुक्रवारी होता. नवरदेव मोहम्मद राहायचा खाडीपलीकडे दिघीला, आणि हिलाल क्लबचा गोलकीपर होता तो. खाडीला वळसा घालून यायचं तर दोन दिवसांची पायपीट, दिघीच्या माणसांना ती मान्य नव्हती. निकाह पुढे ढकलावा तर मोहम्मद रविवारी जहाजावर निघणार, तो दीड वर्षाने परतणार. झुबेदा म्हणाली, कसम मोडा. चार गावांत तोंड कसं दाखवू, असं हा म्हणाला खरा. पण आतून लेकीच्या रडण्याचा आवाज आला आणि त्याला स्वतःच्या जिभेचा मनापासून राग आला.

येसाजीने तोड काढली. कसम पायाने खेळणाऱ्यांपुरती आहे, गोलकीपर तर हाताने खेळतो. यावर धक्क्यावर दोन दिवस खल झाला. शेवटी हमदुल्लानेच नकारार्थी मान हलवली. मुरुडच्या सामन्यात मोहम्मदने चांगला पायाने चेंडू मारला होता, तोही आपल्याच गोलात. सगळ्यांनी पाहिलं होतं. आता नाही कसं म्हणायचं?

गुरुवारी रशीद आपण होऊन हमदुल्लाकडे आला. “पाय ठेवू देणार न्हाय म्हणालास ना?” तो म्हणाला. “मग पोरगा पाय ठेवणारच न्हाय.”

शुक्रवारी सकाळी दिघीच्या किनाऱ्यावर रशीद गुडघाभर पाण्यात उतरला, शेरवानीतल्या नवरदेवाला पाठुंगळी घेऊन हमदुल्लाच्या होडीपर्यंत आला, त्याला आत फळीवर बसवलं आणि समोर बसून त्याचे दोन्ही पाय आपल्या मांडीवर घेतले. वऱ्हाड दुसऱ्या होड्यांतून निघालं. येसाजी होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर बसून, पाय कुठे टेकतात का ते डोळ्यांत तेल घालून बघत होता. मध्येच एक लाट आली, मोहम्मदचे पाय घसरले, ते रशीदने वरच्या वर झेलले, आणि दोन्ही काठांवरून असा जल्लोष उठला की क्लबने सात वर्षांत तसा कधी ऐकला नव्हता.

“असल्या माणसाला काढायला लावणाऱ्याचं तोंड मला एकदा बघायचंय,” वल्हं मारत हमदुल्ला म्हणाला.

रशीदने मोहम्मदला डोळ्यांनी दटावलं. पण ज्याला चेंडू अडवता येत नव्हता तो शब्द काय अडवणार? “मामू,” मोहम्मद होणाऱ्या सासऱ्याला म्हणाला, “पत्रात तुमचंच नाव हाय. आम्ही सगळ्या खेळाडूंनी वाचलंय.”

गेल्या ईदला कमिटीचे सेक्रेटरी याच होडीतून दिघीला गेले होते. संघाचं कसं काय, असं त्यांनी सहज विचारलं, आणि हमदुल्ला सवयीने बोलून गेला, की त्या रशीदला हाकला आणि त्याच्या जागी बांबू उभा करा. सेक्रेटरींनी ते मनावर घेतलं. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं: हमदुल्ला तांडेल यांच्या सूचनेवरून.

हमदुल्लाचा हात थांबला. होडी भर खाडीत आडवी झाली.

“तुला ठाऊक होतं,” तो रशीदला म्हणाला. “मग बोलला का न्हाईस?”

रशीदने मोहम्मदचे पाय जरा वर ओढून घेतले.

“बोललो असतो तर तू शरमेनं स्वतःलाच होडीत पाय ठेवू दिला नसतास. मग पोरीचा नवरा कुणी आणला असता? वल्हं मार, ओहोटी लागलीय.”