जैसे थे बाजूचा नळ

प्लंबरच्या व्हरांड्यातला नळ वर्षभर गळत होता आणि तो दुरुस्त करायला त्याला मनाई होती.

मनाई एका संस्थेची होती. लोकांना साधनं फुकट दिली की ते पाणी आणि वीज खरोखर वाचवतात का, याचा तिला अभ्यास करायचा होता. त्यासाठी तिने ही गल्ली निवडली. डावीकडच्या घरांना छतावर पाणी तापवायचे सोलर बसवून मिळाले, कचऱ्याचं खत करायची पिंपं मिळाली, कमी पाण्याचे फवारे मिळाले. ही बदलाची बाजू. उजवीकडच्या घरांना काहीच मिळालं नाही. त्यांनी फक्त पूर्वीसारखं राहायचं, म्हणजे दोन बाजूंमधला फरक मोजता येतो. गल्लीने या बाजूचं नाव 'जैसे थे' ठेवलं.

पूर्वीसारखं म्हणजे पहिल्या मोजणीच्या दिवसासारखं. त्या दिवशी घरात जे चालू होतं ते चालू ठेवायचं, जे बंद होतं ते बंद. प्लंबरच्या शेजारच्या निवृत्त मास्तरांचा जिन्यातला दिवा त्या दुपारी चुकून चालू राहिला होता. हल्ली ते बाहेर निघाले की कोपऱ्यावरून परत येतात आणि दिवा लावायचा राहिला नाही ना, हे बघून जातात. मन मारून जगणाऱ्या या बाजूच्या लोकांना वेगळीच खोड लागली. ते कुणाकडे पाहुणे म्हणून गेले की तिथले दिवे विझवत सुटतात.

प्लंबरचं नशीब मास्तरांपेक्षा फुटकं. मोजणीच्या सकाळी एका गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी साचलं होतं आणि सामानाचं दुकान अजून उघडलं नव्हतं. प्लंबरने आपल्या नळातला नवाकोरा वायसर काढून तिकडे बसवला आणि आपल्या नळात एक झिजलेला ढकलला. संध्याकाळी बदलू म्हणाला. दुपारी संस्थेची संशोधक आली, तिने नळाखाली भांडं धरलं आणि गळती मोजून नेली. गल्लीत तिला मोजणीबाई म्हणतात.

प्लंबरने तिला समजावायचा प्रयत्न केला होता.

"मॅडम, तो नळ म्हणजे मी नव्हे."

"काका, तुम्ही कसे आहात ते मला नकोच आहे. त्या दिवशी कसे होतात, ते हवंय."

"त्या दिवशी मी दुसऱ्याचं घर वाचवत होतो."

"ते भांड्यात येत नाही हो," मोजणीबाई म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं.

नळ आतल्या मोरीत असता तर झाकली मूठ राहिली असती. पण तो व्हरांड्यातल्या बेसिनवर होता, आणि गिऱ्हाइकं व्हरांड्यातच बसत. येणारा माणूस बसायचा, आपल्या घरातली गळती सांगायला तोंड उघडायचा, आणि मागून टप्. मग तो नळाकडे बघायचा, प्लंबरकडे बघायचा आणि 'येतो, घरी विचारून सांगतो' म्हणून उठायचा. एका म्हाताऱ्याने जाता जाता विचारलं, "तुमच्याकडे दुरुस्तीला कोण येतं हो? चांगला असेल तर त्याचा पत्ता द्या."

प्लंबरने नळावर पाटी लावली: 'हा नळ अभ्यासासाठी गळत आहे.' मोजणीबाईने ती स्वतः उतरवली. पाटी वाचून लोकांच्या मनात पाण्याचा विचार येतो, ही जनजागृती झाली, आणि जनजागृती फक्त बदलाच्या बाजूला द्यायची ठरली होती. तोंडी सांगायलाही त्याच कारणाने बंदी आली.

त्याने अभ्यासातून बाहेर का पडू नये, असं कुणालाही वाटेल. त्यालाही वाटलं होतं. पण संस्थेने समोरासमोरच्या घरांच्या जोड्या लावल्या होत्या. जोडीतलं एक घर गळालं की दुसरंही बाद, आणि दुसऱ्याला दिलेली साधनं परत. प्लंबरच्या समोर त्याच्या बायकोचा भाऊ राहत होता. त्याच्या छतावर सोलर होता. सोलरच्या पाण्याची बादली भरून तीत पाय सोडून प्लंबरची सासू सकाळ-संध्याकाळ ओट्यावर बसे. तिचे गुडघे कितीतरी वर्षांनी वळायला लागले होते.

"तुमचा नळ दुरुस्त करा आणि माझ्या आईला पुन्हा खाटेवर पाडा," बायको म्हणे. दुसऱ्या दिवशी एखादं गिऱ्हाईक उठून गेलं की तीच म्हणे, "साधा नळ आवळता येत नाही? जगात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत."

"काल काय म्हणालीस?"

"काल आईबद्दल बोलत होते. आज तुमच्याबद्दल बोलतेय."

मेव्हणा समोरून हे ऐकत असे. तो दिवसातून दोनदा अंघोळ करायला लागला होता आणि उरलेल्या गरम पाण्याने पाइप धरून रस्ता धूत असे.

"अरे, किती पाणी सोडशील?" प्लंबर ओरडायचा.

"सूर्यावर तापलंय, दाजी. ह्यात पाप नाही."

बदलाच्या बाजूची बहुतेक घरं याच मताची होती. त्यांचा पाण्याचा आकडा महिन्यागणिक चढत होता आणि मोजणीबाईचा चेहरा उतरत होता. वर्ष संपायच्या सुमारास तिची सगळी भिस्त जैसे थे बाजूवर आली. ही मंडळी तरी ठरल्याप्रमाणे पाणी वाया घालवत होती.

अशात ठेकेदाराचा निरोप आला. गावाबाहेर मोठं वसतिगृह उभं राहत होतं आणि त्याच्या सगळ्या नळांचं काम द्यायला तो माणूस शोधत होता. त्याची पद्धत सरळ होती. तो माणसाचं काम बघायला त्याच्या घरी जायचा. 'शुक्रवारी सकाळी येतो,' असा निरोप होता.

गुरुवारभर प्लंबर बेसिनसमोर बसून होता. खिशात नवा वायसर होता. तो काढायचा, बोटांत फिरवायचा, समोर ओट्यावर बसलेल्या सासूकडे बघायचा आणि परत ठेवायचा. सासू हात हलवायची.

शुक्रवारी सकाळी बायकोने त्याला हलवून उठवलं. "अहो, ऐका."

"काय?"

"तेच तर. काहीच नाही."

नळ गळायचा थांबला होता. प्लंबरने खाली वाकून पाहिलं. पाणी त्या भागात क्षारांचं. वर्षभर थेंब थेंब ठिबकून आत पांढरा थर धरला होता आणि त्याने फट बुजवली होती. कुणी काही केलं नव्हतं. त्याने नळाला हात जोडले. बायकोने घरातल्या सगळ्यांना बजावलं, की ठेकेदार जाईपर्यंत या नळाला शिवायचं नाही, हात धुवायला मोरीत जा. 'सगळ्यांना' म्हणजे नवऱ्याला. घरात दुसरं कुणी नव्हतं.

ठेकेदाराच्या आधी मोजणीबाई महिन्याच्या मोजणीला आली. तिने फाटकातच कान टवकारले.

"काका, हे काय केलंत?"

"आईशप्पथ, काही नाही. आपोआप बंद झाला."

"प्लंबरच्या घरचा नळ? आपोआप?"

"क्षार बसलेत, मॅडम. वाकून बघा."

तिने वाकून पाहिलं, वर पाहिलं, बाजूने पाहिलं. शेवटी म्हणाली, "क्षार असतील तर काहीच हरकत नाही. निसर्गाने केलेलं जैसे थेमध्येच धरतात. फक्त तुम्ही आत काही घातलेलं नाही, एवढी खात्री करते." आणि प्लंबर 'नको' म्हणेपर्यंत तिने नळ फिरवला.

कड्. पांढरी पापडी बेसिनमध्ये पडली. मागोमाग टप्, टप्, टप्.

मोजणीबाईने पापडी उचलून उजेडात धरली.

"क्षारच होते," मोजणीबाई म्हणाली.

"आता वायसर टाकू?" प्लंबरचा हात खिशात गेला होता.

"वायसर कसा टाकाल? आत नवा वायसर नव्हता. क्षार होते. जे होतं तेच परत यायला पाहिजे."

"त्याला वर्ष लागलं, मॅडम! ठेकेदार आत्ता येतोय!"

मोजणीबाई प्रामाणिक होती, हे तिच्याबद्दल गल्लीत सगळेच मान्य करतात. चूक तिची होती आणि ती तिने तिथल्या तिथे निस्तरायला घेतली. बाही वर सारली, नळाच्या तोंडावर अंगठा दाबला आणि म्हणाली, "मी धरते. या क्षणी नळ बंद असायला हवा, तो आहे."

ठेकेदार आला तेव्हा ती तशीच उभी होती.

ठेकेदार जाडजूड, कमी बोलणारा माणूस. त्याने भिंतीतले पाइप पाहिले, सांधे बोटाने चाचपले, मोरीतला नळ उघडून बंद केला आणि पसंतीने मान हलवली. मग व्हरांड्यात येऊन बसला. बराच वेळ तो मोजणीबाईकडे बघत होता.

"ह्या कोण?"

"संस्थेच्या आहेत," बायको म्हणाली. "शिकलेल्या आहेत खूप."

"अंगठा का धरलाय?"

प्लंबरने मोजणीबाईकडे पाहिलं. तिने मान नकारार्थी हलवली, जनजागृती नको. समोर सासूने बादलीत आणखी थोडं गरम पाणी ओतून घेतलं आणि सुखाने डोळे मिटले.

प्लंबर म्हणाला, "हा नळ गळतो. मी तो दुरुस्त करू शकत नाही."

वीस वर्षं धंदा केलेल्या माणसाने हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. उच्चारून झाल्यावर तो भिंतीला टेकला.

ठेकेदार उठला. चप्पल घालता घालता म्हणाला, "माझ्या वसतिगृहात तीनशे नळ आहेत. एवढ्या शिकलेल्या बाया कुठून आणू?"

फाटक बंद झालं. मोजणीबाईने अंगठा काढला. तो पांढरा पडला होता. टप् झालं तेव्हा बायको रडायला लागली. नळ गळायला लागल्यापासून पहिल्यांदाच तिला नवऱ्याला बोलायला काही सापडलं नाही.

मोजणीबाई बेसिनच्या कडेवर टेकून विचार करत होती. मग ती म्हणाली, "काका, मी तुमच्या घरात हस्तक्षेप केला. नळ मी फोडला, वर हाताने दाबून धरला. आता हे घर जैसे थे राहिलं नाही."

"म्हणजे बाद? आणि आईचा सोलर?" बायकोने डोळे पुसले.

"बाद नाही. ज्या घरात हस्तक्षेप झाला ते बदलाचं घर. जोडी तुटत नाही, फक्त उलटते. तुम्ही बदलाच्या बाजूला आलात. समोरचं घर जैसे थे झालं." आणि नियम पुरता पाळायचा म्हणून तिने लगेच सांगितलं, "सोलर इकडे येईल. वायसर टाका."

प्लंबरने तिचं वाक्य पुरं होण्याआधी पाना उचलला होता. वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं बळ त्याने त्या एका नळावर काढलं. वायसर बसवला, वरचा नट आवळला, पुन्हा आवळला, श्वास घेतला आणि आणखी एकदा आवळला. थेंब थांबला. त्याने कोरडं बोट नळाच्या तोंडाखाली धरून सगळ्यांना दाखवलं.

समोर मेव्हणा ही बातमी ऐकून धावतच रस्त्यावर आला. "आणि मी कसं राहायचं?"

"जसे आज आहात तसे. चला, मोजून घेते."

मेव्हण्याच्या अंगणात पाइप तसाच सोडलेला होता. तो बंद करायला मेव्हणा झेपावला, पण मोजणीबाई त्याच्याहून चपळ निघाली. "हात लावू नका!"

दोन दिवसांत सोलर रस्ता ओलांडून आला. प्लंबरने तो स्वतः बसवला. सोलरमागोमाग सासू आली, आपली बादली घेऊन. "जिथे गरम पाणी तिथे मी," असं तिने मुलाला सांगितलं होतं, आणि सून मागच्या दाराने तिची पेटी आणून ठेवूनही गेली होती.

पुढच्या आठवड्यात व्हरांड्यात एक गिऱ्हाईक आलं. शाळेचा शिपाई होता. प्लंबरने त्याला मुद्दाम नळाकडे तोंड करून बसवलं. व्हरांडा शांत होता. शिपायाने आपली तक्रार शेवटपर्यंत सांगितली, मध्ये एकदाही नळाकडे बघून अडखळला नाही. प्लंबरचा चेहरा उजळत चालला होता.

तेवढ्यात सासू हात धुवायला बाहेर आली. तिने नळाला एका हाताने, मग दोन्ही हातांनी जोर लावला. "जावईबापू, हा कसला मेला नळ? उघडतच नाही!"

"आई, तुम्ही मोरीत जा ना."

"का म्हणून? आधी बंद होत नव्हता, आता उघडत नाही. ह्या घरात मधलं काही नाहीच का?"

प्लंबरने डोळे मिटून घेतले. त्याला शिपाई उठल्याचं ऐकू आलं. पण शिपाई फाटकाकडे न जाता बेसिनपाशी गेला. बाह्या सारून त्याने नळ धरला, पाय रोवले, लाल होईपर्यंत पिळला आणि सोडून दिला.

"काय हो," तो धापा टाकत म्हणाला, "आमच्याकडची पोरं नळ उघडे टाकून पळतात. असे सहा बसवाल?"

प्लंबरने डोळे उघडले.

"पोरं कितवीतली आहेत?" त्याने विचारलं. "त्या हिशेबाने आवळावे लागतील."