मांजरपाटाची टेप

हत्तीपायाचं माप घ्यायचं तर पहाटे, माणूस अंथरुणातून उठायच्या आत. एकदा पाय जमिनीला टेकला की सूज वाढते आणि माप वाया जातं. धुरपताला हे पवनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि तिनं ते आपल्या मायच्या पायावर पडताळूनही पाहिलं होतं. तिची माय तुळसा, जन्मभर दुसऱ्यांच्या भाताच्या बांधीत रोवणी केलेली बाई. डावा पाय खांबासारखा झालेला. धुरपतानं चार सुयांवर, सुताच्या जोडीला रबराचा बारीक दोरा धरून, तिच्यासाठी गुडघ्यापर्यंतचा घट्ट मोजा विणला. घोट्याशी आवळ, वर जाताना जरा सैल. तीन महिन्यांत तुळसा पुन्हा चालती-फिरती झाली.

पण पांढरा मोजा म्हणजे बायांना दवाखान्याची पट्टी वाटे. आजारपण मिरवायला कोणाला आवडतं? म्हणून धुरपता मोज्यांवर नक्षी काढू लागली. गावातल्या बायांसाठी मोर, कमळ, रांगोळीतली वेल. आपल्या बौद्ध मोहल्ल्यातल्यांसाठी पिंपळपान. मग तिच्या आसगावातल्या बाया लुगडं चार बोटं वर खोचून चालू लागल्या.

आणि गोष्ट पुंडलिकरावांपर्यंत गेली. पुंडलिकराव गावातले मोठे धानवाले आणि पवनीच्या महिला उद्योग केंद्राच्या समितीचे अध्यक्ष. त्यांचाही उजवा पाय सुजलेला. समता हा त्यांचा आवडता विषय. त्यावर ते पाण्याचा घोटही न घेता तासभर बोलत. अठ्ठ्याहत्तर साली पवनीत समता मेळावा ठरला तेव्हा त्यांनी धुरपताला अंगणात बोलावून घेतलं.

"मेळाव्यात मी तुहे मोजे घालून उभा राहीन," ते म्हणाले. "साहेब लोकायनं पायलं की तालुक्यातल्या साऱ्या रोग्यायचं काम केंद्राले भेटते. अन् केंद्रात विणकामाच्या शिक्षिकेची जागा तुले. पण नक्षी समतेची पायजे."

धुरपता सातवी शिकलेली. नवरा वारल्यापासून माय आणि ती, दोघीच. शिक्षिकेची जागा म्हणजे पगार, सही करायचं रजिस्टर, आणि लोकांच्या तोंडी 'धुरपताबाई'. या शेवटच्याची तिला सर्वांत जास्त हाव होती आणि त्याची तिला लाज वाटत नव्हती.

दोन दिवस डोकं खाजवून तिनं नक्षी काढली. पोटरीभोवती माणसांची रांग, सगळी एका उंचीची, हातात हात धरलेली. मोजा गोल, त्यामुळे रांगेत पहिला कोण आणि शेवटचा कोण ते ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये. वर कमळांची ओळ. कमळ पाहून पुंडलिकरावांच्या बायको सुलोचनाबाई अडल्या.

"कमळ लक्ष्मीचं. पायात कसं घालायचं?"

"देवाच्या पायालेच तं चरणकमल म्हणतेत, बाई."

सुलोचनाबाई हसल्या. बाई वाईट नव्हत्या. धुरपताला नेहमी चहा देत, अंगणाच्या कोनाड्यात तिच्यासाठी ठेवलेल्या कपात.

"उद्या पहाटे येतो मी माप घ्यायले," धुरपता म्हणाली. "साहेब पलंगावर असतानाच घ्या लागते."

सुलोचनाबाईंचं हसू ओसरलं. "पलंग देवघराले लागून हाये, धुरपता."

धुरपतानं पुंडलिकरावांकडे पाहिलं. ते सुपारी कातरत होते.

"घरातल्या कारभारात मी पडत नाही," ते म्हणाले.

तासभर समतेवर बोलणाऱ्या माणसाला एवढंच वाक्य सुचलं. धुरपताच्या मस्तकात तिडीक गेली, पण जागा डोळ्यांपुढे होती. तिनं पिशवीतून टेप काढली. ती तिनं स्वतःच बनवली होती, कोऱ्या मांजरपाटाची पट्टी फाडून, त्यावर शाईनं सेंटिमीटरच्या खुणा करून. अंगणात उभ्या उभ्या आपल्याच पायावर तिनं दाखवलं: इथं घोटा, इथं पोटरी, इथं गुडघ्याखाली. मग टेप पायरीवर ठेवून ती मागे सरकली आणि सुलोचनाबाईंनी ती उचलली.

तिसऱ्या दिवशी सुलोचनाबाईंनी चिठ्ठीवर आकडे लिहून दिले. धुरपतानं बारा दिवस मान वर केली नाही. इतका जीव ओतून तिनं पुन्हा कधी मोजे विणले नाहीत.

मेळाव्याच्या सकाळी मंडपाच्या दाराशी तिनं पुंडलिकरावांना विचारलं, "चढले का बराबर?"

"एकदम आरामात. सर्रकन."

घट्ट मोजा सर्रकन चढत नसतो; तो चढवताना माणसाला घाम फुटला पाहिजे.

पुंडलिकराव बोलायला उभे राहिले. माणूस सारा सारखा, इथवर आले आणि मोजे दाखवायला त्यांनी धोतर वर धरलं. मोजे खाली घसरले होते. ती सगळी एका उंचीची माणसं घोट्याशी चुण्या होऊन एकमेकांवर पडली होती आणि कमळं त्यांच्या उरावर बसली होती. पुढच्या रांगेतून हसू फुटलं. पुंडलिकरावही हसले. "माप घेणारीनं चुकवलं," ते म्हणाले, आणि शेजारी बसलेल्या साहेबानं कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी धुरपता आपली टेप मागायला गेली. सुलोचनाबाईंनी ती आणून पायरीवर ठेवली. पिवळी पडलेली, गोमूत्राचा वास येणारी. धुरपतानं पिशवीतली, त्याच कापडाची दुसरी टेप तिच्याशेजारी लावली. बाईंची टेप दोन बोटं आखूड होती. आखडलेल्या टेपेनं मोजलं की आकडा मोठा येतो. मोठ्या आकड्याचा मोजा पायावर टिकत नाही.

"बाई, धुतली होती का?"

"मंग? देवघरापाशी न्यायची होती नं. गोमूत्रात बुडवली, मंग दोनदा कढत पाण्यातून काढली." सुलोचनाबाईंच्या आवाजात खोट नव्हती. "साफच केली, बाई. खराब तं नाही केली."

पुंडलिकराव दारात उभे होते. त्यांनी पायरीवरच्या दोन्ही टेपा पाहिल्या. धान्याच्या मापात जन्म गेलेला माणूस. त्यांना कळायला वेळ लागला नाही.

"सोमवारी समितीची सभा हाये," ते म्हणाले. "माप तुह्याकडून चुकलं, असं सांगून दे. मी म्हणतो, नवी हाये, अजून एक मोका द्या. सांभाळून घेतो मी."

सांभाळून कोण कोणाला घेत होतं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

सोमवारी पाच माणसांपुढे धुरपता उभी राहिली. दोन्ही टेपा पिशवीत होत्या. टेबलावर ठेवल्या असत्या तर बोलायचीसुद्धा गरज नव्हती. तिनं पिशवीचं तोंड घट्ट धरलं.

"माप माह्याकडून चुकलं," ती म्हणाली. स्वतःचा आवाज ऐकून तिला स्वतःचीच किळस आली.

जागा तिला मिळाली. रजिस्टरही आलं, आणि लोक धुरपताबाईही म्हणू लागले. आखूड टेपेचा फरक धुरपतानं वजा केला आणि पुंडलिकरावांची दुसरी जोडी पायावर चपखल बसली. तिचं माप सुलोचनाबाईंनीच घेतलं होतं, पलंगापाशी.

पुढं तालुक्यातल्या रोग्यांसाठी नव्या टेपा लागल्या. धुरपतानं मांजरपाटाच्या पट्ट्या फाडल्या आणि खुणा करायच्या आधी चुलीवर आधण ठेवून सगळ्या त्यात टाकल्या. तुळसा मोजा घातलेला पाय लांब करून भिंतीला टेकून बसली होती. याच बाईनं छप्पन साली तान्ह्या धुरपताला कडेवर घेऊन बौद्ध धर्माच्या दीक्षेसाठी नागपूर गाठलं होतं.

"कोऱ्या पट्ट्या काहून उकळून राहिली वं?"

"लोकायच्या घरी गेल्यावर धुतल्या जातीन, अन् आखूड होतीन. आधीच आखडून घेतो."

बाईंच्या टेपेची गोष्ट लेकीकडून ऐकलेल्या तुळसानं आधणाकडे पाहिलं.

"अन् गोमूत्र?"

"ते त्यायच्या घरी हाये, माय."