मिटलेले डोळे

सारजाबाईंनी छापलेल्या फोटोचा कागद संगणकाच्या पडद्याशेजारी धरला. "पोरी, हितं माजा सोमा बगतोय. कागदावर त्याचं डोळं मिटल्यात."

अश्विनीनं निरखून पाहिलं. खरं होतं. तिच्या भोरच्या स्टुडिओतल्या त्या पडद्यावर फेट्याच्या सावलीतसुद्धा सोमेश्वरच्या डोळ्यांत बारीकशी चमक होती. कागदावर त्या जागी दोन काळे डाग.

सोमेश्वर मार्गासनीचा, भजनातला टाळकरी. नदीवरची मोटार चालू करताना शॉक लागून गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. रविवारी पुण्यस्मरणाचं कीर्तन, आणि घरात त्याचा एक धड फोटो नाही. शोधून शोधून सप्ताहातला एक सापडला. बुवांच्या मागं उभा, हातात टाळ, मुखात नाम. मांडवाच्या लाल कापडामुळं तोंड लालभडक आलं होतं, म्हणून अश्विनीनंच काळा-पांढरा करू या म्हटलं होतं.

"फोटू हाय त्यो, जरा दम धर," सोमाचे वडील गेनबा म्हणाले. "फोटूत कुनी डोळं मिटतंय व्हय?"

"तुमी गप बसा. त्यो जिता हुता तवाबी तुमी त्याच्याकडं धड बगितलं न्हाई."

गेनबा उठून दारात जाऊन उभे राहिले.

"मावशी, पडद्याला मागून दिवा असतो," अश्विनी म्हणाली. "कागदाला कुठला दिवा? गिऱ्हाइकाला छान दिसावं म्हणून मी पडदा लई उजळ ठेवलाय. तो आधी कागदाएवढा मंद करते. मग दोन्ही सारखे दिसतील आणि डोळ्यांचं काय करायचं ते कळेल."

तिनं उजेड मोजायचं यंत्र पडद्यावर टेकवलं. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्याच्या पट्ट्या सरकत गेल्या. यंत्र काढून तिनं फोटो पुन्हा उघडला. पडदा आता कागदासारखा झाला होता. डोळे नव्हते.

"अगं, काय केलंस! हितंबी मिटलंस?"

सारजाबाईंचा आवाज असा फुटला, की गेनबा दारातून आत धावत आले. त्या पडद्याला तळवा लावून उभ्या होत्या. प्रेताचा चेहरा चाचपावा तशा. तिनं त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं. "आहेत मावशी, आत आहेत ते. मी काढते बाहेर."

पहिल्यांदा तिनं सगळाच चेहरा उजळला. डोळे दिसले, पण गाल, कपाळ, सगळं भुरकट झालं.

"ही राख हाय," सारजाबाई म्हणाल्या. "जाळल्यावरचा नगं दावू मला."

मग तिनं फक्त डोळ्यांपुरतंच काम धरलं. थोडं उजळायचं, बोटभर पट्टी छापायची. ओली शाई फसवते, म्हणून वाळेपर्यंत थांबायचं, मग ट्यूबखाली पडद्याशेजारी धरायची. दुपार त्यातच गेली. शेवटी पूर्ण फोटो छापून वाळला, तेव्हा कागद आणि पडदा यांत तसूभर फरक नव्हता. सारजाबाईंनी पदरानं हात पुसले आणि फोटो घेतला.

"बगतोय," त्या म्हणाल्या. एवढंच.

रविवारी अश्विनी आवर्जून मार्गासनीला गेली. अंगणात मांडव घातला होता. बुवांचा गळा काय गोड! चाल धरली की मृदंगासकट सगळा मांडव डोलायचा. देव आपल्या लेकराला अंतर देत नाही, हे बुवा असं सांगत होते, की बायाबापड्यांचे डोळे गळत होते. ऐकता ऐकता अश्विनीचेही हात जुळले.

पण सारजाबाई मांडवात नव्हत्या.

त्या माजघरात होत्या. आत पाऊल टाकलं आणि अश्विनीला काही दिसेना. फोटो भिंतीवर होता, काचेच्या चौकटीत, हार घातलेला. त्याचा चेहराही नीट दिसत नव्हता.

"दिवा लावा ना मावशी."

"दिवा न्हाई," मागून गेनबा हळूच म्हणाले. "सोमाला शॉक बसला तवापास्नं तिनं हितली वायर तोडाय लावली. बटनाला हात लावू देत न्हाई."

सगळं तिनं स्टुडिओतल्या ट्यूबला जुळवलं होतं. घरात फोटो कुठं लावणार, हे तिनं विचारलंच नव्हतं. आणि या अंधारात डोळे दिसतील एवढा फोटो उजळायचा, तर ती राखच झाली असती.

सारजाबाईंनी फोटो खिळ्यावरून उतरवला, हारासकट छातीशी धरला आणि मागच्या दारानं बाहेर नेला. परसात ऊन रणरणत होतं. पाण्याच्या दगडी डोणीवर तो टेकवून त्या समोर बसल्या.

"आता बग. उगडलं."

"मावशी, उन्हात नका ठेवू. शाई साधी आहे. ऊन खाऊन टाकेल तिला. तो हळूहळू पुसून जाईल."

सारजाबाईंनी मान वर केली. "आत दिसत न्हाई, हितं ऱ्हात न्हाई. मग म्या त्याला कुठं ठिवू?"



मांडवात गजर सुरू झाला. फुलं टाकायची वेळ झाली, म्हणून गेनबा फोटो न्यायला आले. सारजाबाईंनी तो दिला नाही.

"फुलं हितं घिऊन या," त्या म्हणाल्या, आणि काचेवरच्या तिरिपीत डोळे दिसेनात म्हणून फोटो आणखी जरा उन्हाकडं वळवला.