फाटकावरची आठी

ज्या गृहस्थाची हकीगत मी येथे सादर करीत आहे, त्याने कधी जहाज चालविले नाही, समुद्र ओलांडला नाही आणि आपल्या हयातीत एकाही दहशतवाद्याला पकडले नाही. तरीसुद्धा त्याच्या कपाळावरची एक आठी असंख्य प्रवाशांच्या सुखनिद्रेस कशी कारणीभूत होती, आणि ती नाहीशी होताच केवढा गोंधळ माजला, हे वाचकांनी शांत चित्ताने ऐकून घ्यावे, अशी विनंती करून मी कथेस थेट बंदराच्या फाटकापासूनच आरंभ करतो.

तर त्या दिवशी फाटकापाशी एक निवृत्त मुख्याध्यापिका उभ्या होत्या आणि जागच्या हलायला तयार नव्हत्या. धक्क्याला पर्यटनाचे पांढरेशुभ्र क्रूझ जहाज लागलेले होते. मागे रांग खोळंबली होती. बाईंचे गाऱ्हाणे असे की, पुढच्या बाईंची बॅग उघडून पाहिली, मागच्या गृहस्थांचीही उघडली, आणि आपली मात्र तपासणीच्या पट्ट्यावरून मुकाट्याने पुढे सरकवली.

“म्हणजे मी काही करूच शकत नाही, असं वाटतं का तुम्हाला?” बाई म्हणाल्या.

फाटकावर उभ्या असलेल्या गृहस्थाने बॅग ओढून घेतली, उघडली, आतील औषधांच्या बाटल्या बाजूला केल्या आणि एक लोकरीची टोपी उचलून तिच्याकडे दीर्घकाळ पाहिले. त्याच्या कपाळाच्या मधोमध एक आठी उभी राहिली. ती साधीसुधी आठी नव्हती. नांगराचे तास असावे तशी ती खोल होती. टोपी परत आत गेली. बाईंचा चेहरा उजळला आणि त्या कोणीतरी महत्त्वाचे माणूस असल्यासारख्या जहाजाच्या जिन्याकडे चालू लागल्या.

या आठीमुळेच त्या गृहस्थाला बंदरावर सगळे आठीराव म्हणत. ती त्यांनी कमावलेली नव्हती. वडिलांच्या कपाळी तीच होती, आजोबांच्याही होती, आणि घरातील जुन्या छायाचित्रात तिन्ही पुरुष एखाद्याच्या मयतीला आल्यासारखे दिसत. स्वभावाने मात्र आठीराव लोण्यासारखे मऊ. पण लोणी आत आणि आठी बाहेर, त्यामुळे जगाचा व्यवहार आठीशीच होत असे.

एवढी वर्षे फाटकावर काढल्यावर प्रवाशांच्या मनाचा थांग त्यांना चांगलाच लागला होता. प्रत्येक प्रवाशाची अशी ठाम समजूत असते की, धोका हा रांगेत नेहमी आपल्या मागे उभा असतो. आपली बॅग उघडली की तो अपमान, आणि शेजाऱ्याची उघडली नाही की तो निष्काळजीपणा. काही विनोदी गृहस्थ “आज बॉम्ब घरी विसरलो हो” असे म्हणून स्वतःच हसत. आठीरावांच्या कपाळाकडे दृष्टी गेली की हसू जागच्या जागी विरे आणि ते न सांगता खिसे उलटे करीत. दूर कोठेतरी हल्ला झाल्याची बातमी आली की कालपर्यंत घड्याळे दाखविणारी माणसे एकाएकी प्रेमळ होत. सावकाश बघा, नीट बघा, आम्हाला काही घाई नाही, असे म्हणत. मात्र भीती ही पावासारखी असते. थोड्याच दिवसांत ती शिळी होई आणि पुन्हा घड्याळे बाहेर निघत.

आठीराव हे सगळे ऐकून घेत. कारण एक गोष्ट ते मनोमन धरून होते. शिटी वाजून जहाज धक्का सोडी, वरच्या मजल्यांवरून लोक रुमाल हलवीत, तेव्हा त्यांना वाटे की ही सारी माणसे आपल्या डोळ्यांखालून गेली आहेत, म्हणून ती आता निर्धास्त जेवतील, नाचतील, झोपतील. रुमाल त्यांच्यासाठी हलत नसत हे त्यांना ठाऊक होते. तरी ते मान किंचित लववून निरोप देत. फाटक हीच त्यांची दौलत होती.

त्या दौलतीवर एके दिवशी घाला आला. जहाजाच्या कंपनीने प्रवाशांची मते मागविली होती. जेवण उत्तम, खोल्या उत्तम, समुद्रसुद्धा उत्तम; पण पुष्कळांनी असे कळविले की, फाटकावरच्या माणसाचे तोंड पाहून जहाजात काहीतरी पेरून ठेवले असावे असे वाटते. कंपनीच्या साहेबांनी आठीरावांना बोलावून समजावले की, आपण लोकांना सुट्टी विकतो, धास्ती नाही. पुढच्या महिन्यापासून फाटकावर हसतमुख माणूस हवा. जमले तर ठीक. नाही तर आतली खोली आहेच.

आतली खोली म्हणजे कॅमेऱ्यांच्या पडद्यांची खोली. तिला खिडकी नव्हती. तिथे बसणाऱ्याला सगळे दिसत, पण तो कोणाला दिसत नसे. आठीरावांच्या मते, जो दिसतच नाही तो कसला पहारेकरी? ते घरी आले ते तोंड पाडूनच. अर्थात आठीमुळे हे कोणाच्या लक्षात येण्याचा संभव नव्हता. पण पत्नीच्या आले.

ती बाई मोठी हिकमती. तिने दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू केली. सकाळी आरशासमोर, दुपारी कपडे वाळत घालताना, संध्याकाळी भाजी निवडताना. आठीराव ओठ ताणीत, दात दाखवीत, डोळे बारीक करीत.

“हसा म्हटलं मी,” ती म्हणे. “दाढ दुखतेय म्हटलं नाही.”

शेजारीण साखर मागायला आली, तिने आठीरावांचा सराव पाहिला आणि साखर न घेताच, हवापालटाची चांगली जागा सुचवून परत गेली. महिना सरत आला. ओठ हसत होते, पण आठी खुंट्यासारखी रोवलेली होती. आठीराव म्हणाले की, आता पुरे. माझ्या कपाळी हे लिहिलेलेच आहे.

तेव्हा पत्नीने पोळीचा तुकडा ताटात ठेवला. इतकी वर्षे पोटात ठेवलेली एक गोष्ट तिने त्या जेवणात बाहेर काढली.

“लग्न झाल्यावर दोन महिने मी तुमच्या भाजीत मीठच घातलं नव्हतं.”

“का?”

“पहिल्या दिवशी तुम्ही घास घेतलात आणि ही एवढी आठी. मला वाटलं, खारट झाली. दुसऱ्या दिवशी कमी घातलं, तरी आठी. मग घालणंच सोडून दिलं.”

आठीराव तिच्याकडे पाहतच राहिले.

“मला वाटलं, तुझ्या माहेरी तसंच खातात,” ते म्हणाले.

“आणि तुम्ही दोन महिने गप्प जेवलात?”

“नव्या नवरीला काय बोलायचं? मी कामावर जाऊन मीठ लावून काकडी खायचो.”

प्रथम पत्नी हसली. मग आठीरावांच्या पोटातून कसला तरी आवाज आला, तो छातीत चढला, गळ्यात आला, आणि जन्मात कधी हसला नव्हता असा तो पुरुष डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. शांत झाल्यावर पत्नीने निरखून पाहिले. कपाळ पुसलेल्या पाटीसारखे सपाट होते. तिने बोट फिरवून खात्री करून घेतली. आठी गेली होती.

ती गेली ती गेलीच. आठीराव नव्या उमेदीने फाटकावर उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाकडे पाहून प्रसन्न हसू लागले. परंतु दैवाचा खेळ असा की, त्याच आठवड्यात कोण्या दूरच्या बंदरात एका जहाजाला धमकीचा फोन आल्याची बातमी पसरली होती. भीती अगदी ताजी होती. आणि रांगेच्या तोंडाशी त्याच निवृत्त मुख्याध्यापिका होत्या.

त्यांनी आठीरावांकडे पाहिले. आठीराव हसले. बाई एक पाऊल मागे सरल्या, आपल्या बॅगेवर बसल्या आणि त्यांनी जाहीर केले की, आपण या जहाजावर चढणार नाही. साहेब धावत आले.

“मागच्या खेपेला हा माणूस माझ्या टोपीकडेसुद्धा संशयानं बघत होता,” बाई म्हणाल्या. “मी सगळ्या रात्री निर्धास्त झोपले. आज हसतोय. याला काहीतरी माहीत असणार.”

हे वाक्य रांगेत मागे मागे जाऊ लागले आणि जाताना त्याला पाय फुटले, मग पंखही फुटले. मध्यावर पोहोचेतो फाटकावरचा माणूस प्यायलेला होता. आणखी मागे, त्याने राजीनामा दिलेला होता आणि आता त्याला कशाचेच काही वाटत नव्हते. रांगेच्या शेवटी तर तो खरा पहारेकरीच नव्हता. खऱ्याला कोठेतरी बांधून ठेवले होते. ज्यांनी पूर्वी हसऱ्या चेहऱ्याची मागणी लिहून कळविली होती, त्यातलेही काही जण आता बॅगा घेऊन टॅक्सी शोधू लागले. आठीराव सगळ्यांना धीर देण्यासाठी आणखी हसत होते, आणि ते जेवढे हसत तेवढी रांग मागे सरकत होती. जहाज ठरल्या वेळी निघू शकले नाही.

साहेबांनी त्यांना खांबामागे ओढले आणि घाम पुसत म्हणाले, “आठी घाला.”

आठीरावांनी प्रयत्न केला. त्यांनी भुवया जवळ आणल्या, श्वास रोखला, तोंड लाल केले.

“साहेब,” ते शेवटी म्हणाले, “येत नाहीये.”

मग बंदरावरच्या सर्वांनी हातभार लावला. कोणी त्यांना महागाईची आठवण करून दिली, कोणी आजारांची नावे सांगितली. तपासणीच्या पडद्यासमोर बसणाऱ्या बाईने आपल्या सासूची संपूर्ण कहाणी ऐकवली. आठीरावांना मनापासून वाईट वाटले, डोळे पाणावलेसुद्धा. पण कपाळ ढिम्म हलले नाही. घरी पत्नीने उपाय म्हणून बिनमिठाची भाजी वाढली. पहिल्याच घासाला आठीरावांना हसू फुटले, ठसका लागला आणि तिला पाठ चोळत बसावे लागले.

ते पाणी पिऊन स्थिर झाल्यावर म्हणाले, “माझं फाटक जाणार.”

हसण्याची ती शिकवणी आपणच दिली होती, हे पत्नीइतके कोणाला ठाऊक होते?

आणि फाटक गेले; पण ते ज्या रीतीने गेले ते सांगण्यासारखे आहे. साहेब डोकेबाज होते. त्यांनी कार्यालयातून आठीरावांच्या ओळखपत्राचे जुने छायाचित्र मिळविले, ते चांगले मोठे करून घेतले, जाड पुठ्ठ्यावर चिकटविले, खाली गणवेशातले धड जोडले आणि तो पुतळा फाटकाशी उभा केला. पुतळ्याच्या कपाळी ती आठी होती, पूर्वीपेक्षा चौपट मोठी. शेजारी एक तरुण हसतमुख कर्मचारी बॅगा उघडू लागला, पण त्याच्याकडे कोणी पाहत नसे. प्रवासी पुठ्ठ्याकडे पाहून खिसे रिकामे करीत. एका वयस्क गृहस्थांनी तर त्याच्यासमोर पासपोर्ट धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. पुढच्या पाहणीत सर्वांनी सुरक्षेविषयी समाधान कळविले.

आठीरावांनी एकदाच विचारून पाहिले, “साहेब, मी त्याच्या बाजूला उभा राहिलो तर?”

साहेब मनाचे वाईट नव्हते. त्यांना उत्तर द्यायला जड गेले. “लोक दोघांकडे बघतील हो. मग कोणावर विश्वास ठेवायचा ते त्यांना कळणार नाही. आम्हाला गेटवर तुमचा चेहरा पाहिजे. तुम्ही नसलात तरी चालेल.”

आठीरावांनी मान लववली, आणि ते आतल्या खोलीत गेले. तिथे पडद्यांसमोर बसून ते रांगा पाहत. जहाज धक्का सोडताना रुमाल आता तांदळाच्या दाण्याएवढे दिसत आणि शिटी ऐकूच येत नसे. त्यांचे हसू मात्र गेले नव्हते. बाहेरचा पुतळा कपाळाला आठी घालून पहारा देई आणि आत खरा माणूस, ज्याला कोणी पाहत नसे असा, प्रसन्न चेहऱ्याने बसलेला असे.

थंडीचे दिवस आले. यंत्रे तापू नयेत म्हणून त्या खोलीत गार हवा सोडलेली असे. एका दुपारी पत्नी स्वेटर घेऊन बंदरावर आली. आठीरावांना ती पडद्यावर दिसली, अंगठ्याएवढी. ती फाटकाशी आली आणि पुतळ्यासमोर थबकली. तिने तो यापूर्वी पाहिलेला नव्हता. रांगेतली एक प्रवासी बाई तिला काहीतरी विचारीत होती. पडद्यावर ऐकू येत नाही, म्हणून आठीरावांना कळले नाही. पण त्या बाईने विचारले होते की, हा माणूस खरोखरच एवढा कडक आहे का?

“कामापुरते,” पत्नी म्हणाली. “घरी असे नसतात.”

पश्चिमेच्या काचेतून ऊन थेट पुतळ्याच्या तोंडावर येत होते. गालाचा रंग एका बाजूने उडू लागला होता. पत्नीने इकडेतिकडे पाहिले, स्वेटर खांद्यावर टाकला, दोन्ही हातांनी पुतळ्याला कमरेशी धरले आणि हळूहळू खांबाच्या सावलीत ओढले. मागे होऊन पाहिले. एक कान अजून उन्हात होता. तिने आणखी थोडे ओढले.

आत, खिडकी नसलेल्या त्या खोलीत, आठीरावांनी पडद्याकडे पाहत आपली खुर्ची तेवढीच बाजूला सरकवली.

येथे ही हकीगत संपली. ज्या वाचकांनी आपली कामे बाजूला ठेवून एका साध्या माणसासाठी एवढा वेळ दिला, त्यांचे मी अंतःकरणपूर्वक आभार मानतो.

आपला नम्र,
बंदरासमोरचा कुलूपवाला