तेवढ्यात घोडा आला

सिनेमा कितीही चांगला असो, मला मध्येच उठावं लागतं. हे म्हातारपणामुळे नाही, लग्न झालं तेव्हापासून असंच आहे. मध्यंतरात जाऊन आलो तरी नंतर पुन्हा एकदा जावंच लागतं. मी नळ दुरुस्त करणारा माणूस, त्यामुळे आमच्या हिला बोलायला आयतंच सापडायचं. "अहो, सगळ्या गावाची गळती बंद करता आणि स्वतःला तीन तास धरवत नाही?"

त्यात मला आणखी एक खोड. थिएटरच्या मुतारीत नळ ठिबकत असला की माझा पाय तिथून निघत नाही. छोटा पाना आणि नळात बसवायचे रबरी वायसर खिशात असतातच. वायसर बदलायचा, नळ उघडून बंद करून बघायचा, मगच हात पुसायचे. तोवर आत नायकाचं लग्न तरी झालेलं असायचं नाहीतर त्याचा बाप तरी गेलेला असायचा.

पण माझं काही बघायचं राहिलं असं मला कधी वाटलं नाही. ही जागची हलायची नाही. मी अंधारात लोकांचे पाय तुडवत परत आलो की माझ्या खुर्चीवरची पिशवी उचलायची आणि कानाशी लागून सगळं सांगायची. कोण काय म्हणालं, कुणी कुणाच्या थोबाडीत मारली, अंगात कपडे कुठले होते. मागचे लोक शुक् शुक् करायचे. ही वळून म्हणायची, "तुम्ही बघितलंत ना? मग यांना नको का कळायला?"

मुलगी व्हायच्या आधी आम्ही एका घोडागाडीवाल्याचा सिनेमा पाहिला होता. बरोबर हिचा धाकटा भाऊ होता, म्हणजे माझा मेहुणा. सिनेमात घोडागाडीवाल्यावर चोरीचा आळ येतो. वकिलासाठी त्याची आई घोडा विकते आणि तरी त्याला तुरुंगात टाकतात. घोड्याला घेऊन जातात तेव्हा तो मान वळवून वळवून मागे बघतो. मला ते बघवेना. तुरुंगाचा दरवाजा धाडकन लागला आणि मी उठलो. जाताना हिला एवढंच म्हणालो, "त्या घोड्याचं काय होतं ते बघून ठेव."

परत आलो तर ही म्हणाली, "तुम्ही गेलात आणि तेवढ्यात घोडा आला. दावं तोडून आला. तुरुंगाच्या दारात उभा राहिला तो हलेचना. मागचा डावा पाय लंगडत होता बिचारा. शेवटी जेलरनेच ठेवून घेतला त्याला."

माझ्या जिवात जीव आला. पुढचा सिनेमा मी निवांत पाहिला.

ही घोड्याची गोष्ट मी नंतर ज्याला त्याला सांगितली. आणि दर वेळी मेहुणा मध्ये तोंड घालायचा. "भाऊजी, घोडाबिडा काही आला नव्हता. मी शेजारीच बसलो होतो." मी म्हणायचो, तुझ्या बहिणीने तिच्या डोळ्यांनी पाहिलं. यावरून आमची इतकी जुंपायची की घरातले लोक आम्हाला जेवायला समोरासमोर बसवत नसत. निकालासाठी हिच्याकडे गेलो की ही भाजी चिरता चिरता मान वर न करता म्हणायची, "तू झोपला होतास."

"ताई, मी टक्क जागा होतो!"

"झोपलेल्याला काय कळतंय?"

गेल्या वर्षी ही आजारी पडली. शेवटी शेवटी दवाखान्यात बोलणंही कमी झालं होतं. मेहुणा उशाशी बसला आणि म्हणाला, "ताई, आता तरी खरं सांग. आला होता का घोडा?" हिने डोळे न उघडता सांगितलं, "तू झोपला होतास." आम्ही हसलो, नर्सही हसली. त्यानंतर ही कुणाला काही म्हणाल्याचं मला आठवत नाही.

आणि परवा मुलीने सांगितलं की तोच सिनेमा थिएटरात पुन्हा लागलाय. मी ठरवलं, जायचं आणि या वेळी काही झालं तरी उठायचं नाही. मेहुण्याला खोटं पाडायचं होतंच. पण तेवढंच नव्हतं. घरात हिचे कपडे आहेत, चष्मा आहे, कंगवा आहे. ते सगळं मी रोज बघतो. हिने पाहिलेलं आणि मी न पाहिलेलं असं आता हा घोडा एवढंच उरलं होतं.

सकाळपासून मी पाण्याचा थेंब घेतला नाही. मुलगी ओरडली, "बाबा, चक्कर येऊन पडाल."

"पडलो तर खुर्चीतच पडेन."

"आणि तो पाना घरी ठेवा."

मी पाना या खिशातून काढून त्या खिशात ठेवला.

मेहुण्याला मीच बोलावलं होतं. तो थिएटरच्या दारात उभा होता, हातात पॉपकॉर्न आणि सरबताची ही एवढी बाटली. तिकीट फाडणारा म्हणाला, "मध्यंतर नाही हां. सलग आहे."

"सलग? तीन तास?"

"मध्ये थांबवलं की मजा जाते म्हणतात मालक."

"मालकांचं वय काय?" मी विचारलं. मुलीने मला दंडाला धरून आत नेलं.

तिने मला कडेची खुर्ची दिली. मी नको म्हणालो. कडेला बसलं की उठायचा मोह होतो. मी मध्ये बसलो, एका बाजूला मुलगी आणि दुसऱ्या बाजूला मेहुणा. दिवे गेल्या गेल्या त्याने बाटली पुढे केली. "घोटभर घ्या, भाऊजी."

"असले डाव खेळू नकोस."

सिनेमा सुरू झाला. पूर्वी माझ्या लक्षात आलं नव्हतं, पण या सिनेमात पाणी फार. नायिका विहिरीवर भेटते. घोडा हौदावर पाणी पितो, तेही सावकाश. गाणं होडीत. मेहुणा नळीने सरबत ओढत होता आणि मी पायावर पाय टाकून खुर्चीचे हात धरून बसलो होतो.

अर्ध्यात पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'मध्यंतर' आलं. सवयीने अख्खं थिएटर उठून उभं राहिलं. दिवे लागलेच नाहीत. अक्षरं गेली आणि सिनेमा पुढे चालू झाला. कुणीतरी केविलवाण्या आवाजात ओरडलं, "अहो, पाच मिनिटं तरी!" मग सगळे एकेक करून खाली बसले. पुढच्या रांगेतले एक आजोबा मात्र बसले नाहीत. ते सरळ निघाले आणि जाताना बायकोला म्हणाले, "लक्ष ठेव गं."

मला ते ऐकून कसंतरी झालं. मी पाय अजून घट्ट केले.

घोडा विकला. घोड्याने मान वळवून पाहिलं. तुरुंगाचा दरवाजा धाडकन लागला. मुलीने माझ्याकडे पाहिलं, मेहुण्याने नळी तोंडातून काढली. मी पापणी लवू दिली नाही.

जेलरने भाषण केलं. घोडागाडीवाल्याने खडी फोडली. मग गाणं लागलं आणि गाण्यात दिवसामागून दिवस गेले. झाडाची पानं गळली, पुन्हा आली. तुरुंगाचं दार मला तीनदा दिसलं. तिन्ही वेळा दारात एक शिपाई उभा होता, बाकी कुणी नाही. मग घोडागाडीवाला दाढी वाढवून बाहेर आला आणि चालत घरी निघाला. खाटेवर त्याची आई शेवटचे श्वास घेत होती.

"नाहीच ना आला?" मेहुणा हळूच म्हणाला. मग त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. बाटली खाली पायाशी ठेवून दिली.

घोडा आलाच नव्हता. मग मला आठवलं ते हिचं तोंड. भाजी चिरताना, मान खाली. दवाखान्यात, डोळे मिटलेले. इतकी वर्षं हिने तो घोडा दारात उभा ठेवला होता, मागचा डावा पाय लंगडता ठेवून. आणि खरं बोलणाऱ्या भावाला झोपवून ठेवलं होतं! मला हसू फुटलं. दाबलं तसं जास्तच आलं.

मागून एक बाई म्हणाल्या, "अहो, तिकडे आई मरतेय आणि तुम्ही हसताय काय?"

आता हसल्यामुळे धरवेना. मी उठलो आणि पाय तुडवत पळालो.

मुतारीत बेसिनचा नळ ठिबकत होता. पूर्वी मी घाई करायचो, कारण आत ही सांगायला थांबलेली असायची. आज घाई कसली? मी वायसर बदलला. शेजारचा नळही जरा सैल वाटला, तोही आवळला. तोंड धुतलं, ते दोनदा धुवावं लागलं.

परत आलो तेव्हा सिनेमा संपत आला होता. माझ्या खुर्चीवर मेहुण्याने पॉपकॉर्नचा डबा ठेवला होता. तो त्याने उचलला. मी बसलो. मग तो घसा खाकरून माझ्या कानाशी आला.

"भाऊजी, नेमके गेलात तुम्ही."

"का रे?"

"तेवढ्यात घोडा आला."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याला खोटं बोलायची सवय नाही, अंधारातही कळत होतं.

"कुठे आला?"

"तुरुंगा… नाही, घरी आला. दारात. हलेचना."

"आणि पाय?"

"लंगडत होता ना. मागचा." त्याने जरा विचार केला. "डावा."

मागच्या बाई शुक् शुक् करायला लागल्या. मी दुसऱ्या बाजूला मुलीकडे वळलो. तिने हातातल्या रुमालाचा बोळा केला होता, डोळे सताड उघडे होते आणि नजर पडद्यावर होती.

"काय गं, आला होता का?"

"मला काय विचारता, बाबा," ती म्हणाली. "मी झोपले होते."