नियम सगळ्यांना एकच

सुरी मध्येच अडली आणि आर्डिस ट्वेटच्या तोंडून कचकचीत शिवी निघाली. एल्कच्या, घोड्याएवढ्या त्या रानहरणाच्या, मागच्या मांडीत, खुब्याच्या सांध्याशी, जिथं पातं लोण्यासारखं उतरायला हवं तिथं काहीतरी टणक होतं. तिनं बोट घालून चाचपलं, उकरून बाहेर काढलं आणि नळाखाली धरलं. शिशाचा गोळा होता. एका बाजूनं चपटा झालेला, दुसऱ्या बाजूनं अजून गोल.

"काय गं, पातं मोडलं?" पलीकडच्या टेबलावरून बर्नीसनं विचारलं. बर्नीस ही तिची नणंद, मर्लची धाकटी बहीण. शिकारी जनावर आणून टाकायचे, आर्डिस कापायची आणि बर्नीस पांढऱ्या कागदात बांधायची, असं गेली बावीस वर्षं चाललं होतं.

"पातं धड आहे. गोळी निघाली."

"सप्टेंबरात?"

सप्टेंबर धनुष्यवाल्यांचा. बंदूकवाल्यांचा हंगाम ऑक्टोबर संपता संपता सुरू होतो, हे स्टोनी फोर्कच्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. या दिवसांत दुकानात येणाऱ्या जनावरात बाणाचं मोडकं पातं सापडतं, कधी बाणाची काडी सापडते. गोळी सापडत नाही.

"कुणाचाय नर?"

आर्डिसला जनावरावरची नावाची चिठ्ठी बघायची गरज नव्हती. काल दुपारी त्यानं स्वतः चारही तुकडे पिकअपमधून उतरवून दिले होते आणि जाता जाता, टोपी मागं सारत सांगितलं होतं, "मागच्या मांडीत दुसऱ्या नराचं शिंग घुसलंय बघ. माजावर आले की फाडतात एकमेकांना मेले. तेवढा भाग टाकून दे."

"लाइलचा," ती म्हणाली. "लाइल हाउगेनचा."

बर्नीसच्या हातातला कागद टेबलावर पडला.

लाइल हाउगेन म्हणजे गेली एकोणीस वर्षं स्टोनी फोर्क धनुर्धारी मंडळाचा अध्यक्ष. शिकारीतल्या सोवळ्याओवळ्याचा ठेकेदार. कुणी चाळीस पावलांच्या पलीकडून बाण सोडला तरी हा नाकानं कांदे सोलणार. मंडळाचा तळ डोंगराच्या ज्या अंगाला आहे तिथं ग्रिझली अस्वलं आहेत, आणि मेलेल्या एल्कचा वास त्यांना मैलभरावरून येतो. सरकारनं स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगायला कधी मनाई केली नाही. मनाई होती ती मंडळाची, आणि ती लाइलनं लिहिलेली. धनुष्यानं शिकार करायची तर माणसानं जनावराच्या जवळ जावं, घाबरावं, आणि घाबरूनही हात स्थिर ठेवावा. कमरेला पिस्तूल आलं की ती भीती जाते आणि भीतीबरोबर अक्कलही जाते, असं त्याचं म्हणणं. फार छान बोलायचा तो.

तीन वर्षांपूर्वी, सप्टेंबरातल्याच एका सकाळी, आर्डिसनं नवऱ्याला पायवाटेच्या तोंडाशी सोडलं होतं. मर्लनं आदल्या संध्याकाळी एका मादीला बाण मारला होता आणि रक्ताचा माग काढायला तो एकटा निघाला होता. लाइल तिथं कॉफी पीत उभा. त्याची नजर मर्लच्या पट्ट्यावर गेली.

"मर्ल, कमरेचं काढ."

"अरे, रात्रभर पडलंय जनावर. अस्वल येऊन बसलं असेल तर?"

"नियम सगळ्यांना एकच."

मर्ल हसला. भांडण त्याच्या रक्तातच नव्हतं. त्यानं रिव्हॉल्वर काढलं, खिडकीतून आत हात घालून आर्डिसच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "घरी ने. दुपारच्या जेवणाला येतो." आणि ती, एरवी कुणाच्या बापाला न भिणारी बाई, त्या दिवशी मूग गिळून बसली आणि ते वजन मांडीवर घेऊन घरी आली. मर्ल दुपारी सापडला. मादीच्या उरल्यासुरल्या धडाशेजारी. शवपेटी बंद ठेवूनच त्याला पुरावं लागलं.

तेव्हापासून आर्डिस लाइलचं मांस कापत होती, त्याला 'कसा आहेस' विचारत होती आणि मनातल्या मनात त्याला रोज एकदा त्या झाडीत पाठवत होती, रिकाम्या हातानं. चर्चमध्ये पाद्री क्षमेबद्दल बोलू लागला की ती उठून कॉफी लावायला जायची.

"शिकारखात्याच्या वॉर्डनला फोन लाव," बर्नीस म्हणाली. "आत्ता लाव. परवाना जाईल त्याचा."

"जाईल. दंड भरेल, दोन वर्षं घरी बसेल आणि सुटेल. मला तो सुटायला नकोय, बर्नीस."

"मग काय करणारेस?"

"आज सभा आहे ना मंडळाची?"

सभा होती. काही तरुण सभासदांनी ठराव आणला होता की पिस्तुलाची बंदी उठवावी, आणि त्यावर मतदान होतं. आर्डिसनं गोळी पुसली, रुमालात बांधली आणि एप्रनच्या खिशात टाकली. मग मुकाट्यानं उरलेली मांडी कापली. मांसाचा काय दोष?

संध्याकाळी पाचला अग्निशमन दलाचा हॉल भरला होता. सव्वीस सभासद, त्यांच्या बायका, आणि भिंतीला लागून सफरचंदाच्या पाईच्या सात-आठ थाळ्या. आर्डिस आणि बर्नीस मागच्या रांगेत बसल्या. दोघींना मत नव्हतं, पण यायला कुणाची बंदीही नव्हती.

तरुणांच्या वतीनं एक जण चाचरत बोलला. मग लाइल उठला आणि त्याच्या आवाजाला नेहमीची ती धार आली.

"पिस्तूल हातात असलं की माणूस आधी झाडतो आणि मग बघतो. झाडीत हललं काय, आणि गोळी गेली कुठं! आज अस्वल म्हणून झाडाल, उद्या तिथं तुमचा भाऊ असेल. आपण मर्ल ट्वेटला गमावलं. मला त्याचं दुःख नाही का? पण मर्ल खरा धनुर्धारी होता. त्याला धोका माहीत होता, आणि तो धनुर्धाऱ्यासारखा गेला."

मर्लचं नाव त्या तोंडातून ऐकलं आणि आर्डिसनं गोळीचा रुमाल मुठीत घेतला. ती उठली. खुर्च्यांच्या मधून सरळ पुढं गेली आणि रुमाल त्याच्यासमोर टेबलावर सोडला.

"हे तुझं शिंग, लाइल."

"काय?"

"तुझ्या एल्कच्या मांडीतून निघालं. दुसऱ्या नराचं शिंग म्हणाला होतास ना? शिशाची शिंगं कधीपासून यायला लागली त्यांना?"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. लाइलनं गोळीकडे पाहिलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं, आणि ते बघताना तिला इतकं बरं वाटलं की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. तीन वर्षं ती या एका क्षणावर जगली होती.

"बोल की," ती म्हणाली. "आत्ता तर धबधबा लागला होता."

तो खुर्चीत बसला. "बाण नीट लागला होता," तो हळूच म्हणाला. "फुप्फुसात. मी थांबलो अर्धा तास, मग मागावर गेलो. खाली झुडपात एकदम खडखडाट झाला. मला वाटलं, अस्वल. मी झाडली. माझाच एल्क होता. मरायला टेकलेला."

"आणि मर्ल गेला त्या सकाळी? कॉफी पीत उभा होतास तेव्हा? होतं तुझ्याकडे?"

लाइलनं रुमालाचं टोक गोळीवर ओढलं.

"होतं का नव्हतं?"

"जॅकेटच्या आत होतं," तो म्हणाला.

आता उठतील, आर्डिसला वाटलं. आता याच्या तोंडावर थुंकतील, याला हाताला धरून बाहेर काढतील.

पहिल्यांदा उठला तो अर्लो बेकस्ट्रँड, मंडळाचा खजिनदार. सत्तरीचा, गुबगुबीत, कुणाचं वाईट न चिंतणारा माणूस. तो लाइलजवळ गेला आणि त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "एवढंच ना, लाइल? उगाच जिवाला खातोयस. माझ्याकडेपण असतं की."

"आणि माझ्याकडे," मागून आवाज आला. "बुटात."

"माझं तर बायकोच शिदोरीच्या पिशवीत घालते," तिसरा म्हणाला, आणि हशा पिकला. ताण सुटल्यावर माणसं हसतात तसं सगळे मोठ्यानं हसले. कुणीतरी म्हणालं, होऊन जाऊ दे, हात वर करा, कोण कोण बाळगतं. हात वर झाले. एक, दोन, पाच, दहा. एका कोवळ्या पोराचा तेवढा खाली राहिला, कारण तो गेल्याच महिन्यात सभासद झाला होता. बाकी पंचवीसच्या पंचवीस हात वर.

आर्डिस त्या हातांकडे बघत राहिली. यांतल्या प्रत्येकाचं मांस तिनं कापलं होतं.

"मर्ल होता तेव्हापण?" तिनं विचारलं. "तेव्हापण बाळगत होतात?"

हात एकेक करून खाली आले. कुणी तिच्याकडे बघेना.

"असं बघ, आर्डिस," शेवटी अर्लो म्हणाला. त्याच्या आवाजात लबाडी नव्हती, आणि तेच जास्त झोंबलं. "बाळगू नका म्हणजे दाखवू नका, एवढंच होतं गं ते. सगळ्यांना माहीत होतं. कुणी सांगितलं नव्हतं, पण माहीत होतं. जॅकेट घालायचं वरून."

"मला वाटलं, त्याला कळलं," लाइल म्हणाला. आता तो खरंच रडत होता. "मी काढ म्हटलं ते वरवरचं. मला वाटलं, मी पाठ फिरवली की परत घेईल तुझ्याकडून. अगं, सगळे तेच करायचे. तो खरंच देऊन जाईल असं माझ्या मनातही आलं नाही."

मर्ल खरंच देऊन गेला. इतक्या माणसांत नियम पाळणारा तो एकटा गाढव.

मग मतदान झालं. बंदी एकमतानं उठली. अध्यक्षही लाइलच राहिला. बिचाऱ्यानं बरंच सोसलंय, असं सगळ्यांचं मत पडलं. पाई कापून वाटली गेली. एका बाईनं आर्डिसच्या हातात बशी द्यायचा प्रयत्न केला, तेव्हा ती म्हणाली, "तुझ्याच नवऱ्याला घाल," आणि बाहेर पडली. घरी जाताना पिकअपमध्ये बर्नीस दातओठ खात शिव्या देत होती. इतके दिवस तिनं एका माणसावर डूख धरला होता, आणि आता ते पंचवीस निघाले.

सकाळी दुकानात लाइलच्या एल्कचं मांस बांधायला घेतलं. पांढऱ्या कागदाच्या प्रत्येक पाकिटावर काळ्या पेननं तीन गोष्टी लिहायच्या असतात: तुकडा कुठला, साल कुठलं, मालक कोण. बर्नीसनं पहिलं पाकीट बांधून पेन उचललं.

"आण इकडं," आर्डिस म्हणाली.

तिनं लिहिलं: कमरेचा तुकडा. साल. आणि तिसऱ्या ओळीत, मोठ्या ठसठशीत अक्षरांत, मर्ल ट्वेट.

बर्नीसनं ते वाचलं. फडताळातून दुसरं पेन आणलं आणि ती पण लिहायला लागली. दोघींनी मिळून दीडशेवर पाकिटं केली. आर्डिसनं तीन वर्षांत नवऱ्याचं नाव कुठंही लिहिलं नव्हतं. पहिल्या काही पाकिटांवर ते वाकडंतिकडं आलं. नंतर अक्षर सरळ यायला लागलं.

दुपारी लाइल आला. डोळे सुजलेले. पहिली पेटी उचलताना त्यानं वरचं पाकीट पाहिलं, मग खालचं काढून पाहिलं, मग त्याच्या खालचं.

"आर्डिस... सगळ्यांवर?"

"पेटीवर नावाची चिठ्ठी तुझीच आहे. कायद्यात बसतं."

"अगं, आमच्याकडे नातवंडं असतात. फ्रीझरमधून तीच काढून आणतात पाकिटं. वाचता येतं त्यांना आता."

"बरंच झालं. विचारतील तेव्हा सांग, कोण होता."

"काय सांगू?"

"काल सांगितलंस ते. जॅकेटसकट."

"वसंतापर्यंत पुरेल एवढं मांस आहे हे," तो म्हणाला.

"पुरेल. आणि पुढच्या वर्षी परत येशील."

त्यानं पाकिटं परत पेटीत ठेवली. पेट्या जड होत्या. दोघींपैकी कुणीही हात लावला नाही. त्यानं नऊ खेपा केल्या.

शेवटच्या खेपेला मागं अर्लो बेकस्ट्रँडचा पिकअप येऊन उभा राहिला. मागच्या फळीवर ताडपत्रीखाली एल्क होता, सकाळीच पडलेला, चार तुकडे केलेला. अर्लोनं लाइलच्या हातातली पेटी पाहिली, पाकिटांवरचं वाचलं, आणि दारात येऊन टोपी काढली.

"माझ्यावरपण?"

"ज्यांचे ज्यांचे हात वर होते त्यांच्यावर. ज्यांना नको असेल त्यांनी शहरात जावं. तिथं कापून मिळतं."

शहर तिथून दीडशे मैल. पण ते कारण नव्हतं, हे सगळ्यांनाच कळत होतं. अर्लोनं टोपी परत डोक्यावर घातली. मग परत गेला, ताडपत्री सोडली आणि एकेक तुकडा खांद्यावर घेऊन आत आणायला लागला.

आर्डिसनं टेबल धुतलं. कागदाचा गठ्ठा पुढं ओढला. अजून एकही काप घातला नव्हता, तरी तिनं पेन उघडलं आणि आधी मर्लचं नाव लिहायला घेतलं.